सर्व्हर गप्प राहिला म्हणून एकट्याचा खेळ का थांबावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक कथाप्रधान सिंगल-प्लेयर गेम विकत घेतला, पुढे त्याची डीएलसीही, म्हणजे नंतर वेगळी विकली जाणारी जादा सामग्रीही, पूर्ण किंमत मोजून घेतली, आणि दोन्ही मिळून शंभरेक तास खेळून झाल्यावर घरचे इंटरनेट चार दिवस बंद पडले. गेम डिस्कवर होता, डीएलसीच्या फाइली डिस्कवर होत्या, खेळ कुठवर आला ते जपणारी सेव्ह फाइलही तिथेच होती. तरीही लाँचरने, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमने, आधी लॉगिन मागितले. कसेबसे ऑफलाइन मोडमध्ये शिरल्यावर गेम उघडला, पण डीएलसी ‘उपलब्ध नाही’ असे सांगू लागला, आणि सेव्हमध्ये त्या डीएलसीतील वस्तू असल्यामुळे तो सेव्ह उघडायलाही गेमने नकार दिला. हे सगळे तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य आहे का, आणि नसेल तर आपण काय करू शकतो, असे त्यांनी विचारले आहे.

हे अपरिहार्य नाही. मी बरीच वर्षे गेमच्या ऑनलाइन सेवांवर, म्हणजे लॉगिन, परवाने, क्लाउड सेव्ह (सर्व्हरवर ठेवलेली सेव्हची प्रत) आणि डीएलसीची मालकी तपासणाऱ्या यंत्रणांवर काम केले आहे, त्यामुळे हे उत्तर मी पूर्ण जबाबदारीने देते. एकट्याने खेळायच्या गेमने सर्व्हरला काही विचारावे यात मुळात वावगे नाही. सर्व्हरकडून उत्तरच आले नाही तर काय करायचे, हा निर्णय ज्या पद्धतीने घेतला जातो, तिथे खरा दोष आहे. ‘हा गेम तुमचा नाही’ असा नकार मिळणे आणि काहीच उत्तर न मिळणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पण बरेच गेम मौनालाच नकार समजतात, आणि त्याची शिक्षा पैसे भरलेल्या माणसाला होते.

‘खेळा’ हे बटण दाबल्यावर काय घडते ते क्रमाने पाहू, कारण तक्रार नेमकी कशाची करायची हे त्यावरून कळते. लाँचर प्रथम तुमच्या खात्याचे लॉगिन-टोकन वैध आहे का ते पाहतो. हे टोकन म्हणजे मागच्या वेळी पासवर्ड दिल्यावर सर्व्हरने दिलेली, ठरावीक मुदतीची ओळखचिठ्ठी असते. मग गेमचे नवे अपडेट आले आहे का हे विचारले जाते, आणि आले असेल तर अनेकदा ते उतरवून घेतल्याशिवाय लाँचर पुढे जाऊ देत नाही. त्यानंतर येतो परवाना, म्हणजे या खात्याने हा गेम घेतला आहे असे सांगणारी, सर्व्हरची डिजिटल सही असलेली दुसरी चिठ्ठी. गेम सुरू झाला की तो स्वतः लाँचरला विचारतो की या खात्याकडे कोणकोणत्या डीएलसी आहेत. शेवटी क्लाउडमधला सेव्ह आणि डिस्कवरचा सेव्ह यांपैकी नवा कोणता हे ताडून पाहिले जाते. काही प्रकाशकांच्या बाबतीत ही साखळी दुहेरी असते: गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला असला तरी स्टीम प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर उघडते, आणि तो आपले वेगळे लॉगिन, वेगळा परवाना आणि वेगळे अपडेट मागतो. या साखळीतल्या एकाही कडीचा गेममधले शत्रू कसे चालतात, पाऊस कसा पडतो किंवा कथा कुठे वळण घेते याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

परवान्याच्या चिठ्ठीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. अनेकांना वाटते की परवाना तपासायचा म्हणजे दर वेळी सर्व्हरला विचारावेच लागते. प्रत्यक्षात सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने चिठ्ठीवर सही करतो आणि ती सही खरी आहे का हे पडताळण्यासाठी लागणारी सार्वजनिक किल्ली लाँचरमध्ये आधीपासूनच असते. एकदा चिठ्ठी डिस्कवर आली की ती खरी की बनावट हे तुमचा संगणक स्वतःच ठरवू शकतो, मग बाहेर इंटरनेट असो वा नसो. चिठ्ठी निकामी होते ती तिच्यावर लिहिलेली मुदत संपल्यामुळे, आणि ती मुदत कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेली असते. मुदत ठेवायला कारणे आहेत हे मान्य करते: गेम परत करून पैसे घेतलेले असू शकतात, खाते चोरीला गेलेले असू शकते, चोरीच्या कार्डावर खरेदी झालेली असू शकते. मासिक वर्गणी भरून मिळणाऱ्या गेमच्या बाबतीत तर मुदत रास्तच आहे. पण पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम परत करण्याची सोय स्टीमवर साधारणतः खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तरच मिळते. तो काळ उलटल्यावर, खात्यावर कोणताही वाद नसेल तर, त्या संगणकासाठी बिनमुदतीची चिठ्ठी देऊन टाकायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही. ही सूचना मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी मांडली. कोणी ती चुकीची ठरवली नाही आणि कोणी ती कामांच्या यादीतही वर सरकवली नाही.

डीएलसीची तपासणी आतून कशी दिसते, हे माझ्या हातून घडलेल्या एका चुकीवरून सांगते. ज्या कंपनीत मी तेव्हा होते तिथल्या एका सिंगल-प्लेयर साहसी गेमसाठी डीएलसीच्या मालकीची चौकशी करणारा भाग मी लिहिला होता. आमची सेवा तीन उत्तरे देऊ शकत होती: ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’. गेमच्या टीमला मात्र खरे किंवा खोटे एवढीच दोन मूल्ये घेणारे फंक्शन हवे होते, कारण त्यांचा बाकीचा कोड तसाच बेतलेला होता. तीन उत्तरे दोन खणांत बसवताना मी ‘सांगता येत नाही’ला ‘नाही’च्या खणात टाकले. तो निर्णय घ्यायला मला मिनिटही लागले नाही, आणि कोड तपासणाऱ्या सहकाऱ्यालाही त्यात काही खटकले नाही, कारण शंका असेल तर दार बंद ठेवावे हेच आमच्या हाडीमाशी खिळलेले होते.

पुढे एका रात्री सेवा बंद पडली नाही, नुसती संथ झाली. उत्तरे यायची, पण गेम जेवढा वेळ थांबायचा त्यानंतर यायची. ज्यांनी डीएलसी घेतली होती त्यांना गेमने ‘नाही’ हे उत्तर गृहीत धरून मूळ गेम तेवढा दाखवला. काहींनी ‘सामग्रीशिवाय पुढे जा’ हा पर्याय निवडला, गेमने त्यांच्या सेव्हमधून डीएलसीतल्या वस्तू काढून टाकल्या, पाच मिनिटांनी ऑटोसेव्ह झाला आणि तो कापलेला सेव्ह क्लाउडमध्ये जाऊन चांगल्या सेव्हवर बसला. एका खेळाडूने सहायता विभागाला लिहिले होते की डीएलसीच्या शेवटी मिळणारी तलवार आता कपाटात नाही आणि तिच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. त्या चौकोनाचे चित्र मी बराच वेळ पाहत बसले होते. त्याने पैसे भरले होते, वेळ दिला होता, त्याच्या हातून काहीही चुकले नव्हते. आम्हाला वेळेवर उत्तर देता आले नाही म्हणून आम्ही त्याची वस्तू काढून घेतली होती. दुरुस्ती अगदी लहान होती. शेवटचे निश्चित उत्तर डिस्कवर जपून ठेवायचे, नवे उत्तर मिळाले नाही तर तेच वापरायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत सेव्हमधून आपणहून काही काढायचे नाही. दीड दिवसाचे काम झाले. गेलेल्या तलवारी मात्र सगळ्यांच्या परत करता आल्या नाहीत.

तुमच्या सेव्हचे जे झाले ते याच जातीचे आहे, म्हणून ते मी इतक्या तपशिलाने सांगितले. डीएलसीच्या फाइली पुष्कळदा मूळ गेमच्या अपडेटबरोबरच सर्वांच्या डिस्कवर येऊन पडतात आणि मालकीची चौकशी म्हणजे केवळ त्यांच्यावरचा पडदा उघडायचा की नाही एवढाच प्रश्न असतो. म्हणून ‘सामग्री उपलब्ध नाही’ हा संदेश वस्तुस्थिती सांगत नाही. सामग्री तिथेच असते. ती दाखवायची परवानगी आत्ता मिळाली नाही, एवढेच खरे असते.

हा प्रश्न आजचा नाही. हाफ-लाइफ २ नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा दुकानातून डिस्क आणली तरी स्टीमवर खाते काढून गेम सक्रिय करावा लागत होता, आणि पहिल्या दिवसांत सर्व्हरवर इतका ताण आला की डिस्क हातात असूनही अनेकांना वाट पाहावी लागली. पण ती अट एकदाच पार करायची होती. मार्च २०१० मध्ये युबीसॉफ्ट या गेम-कंपनीने असॅसिन्स क्रीड २ च्या पीसी आवृत्तीत पुढचे पाऊल टाकले आणि खेळत असताना सतत जोडणी हवी असे ठरवले. जोडणी तुटली की खेळ थांबत असे. त्याच महिन्यात त्या सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाला आणि पैसे देऊन गेम घेतलेली माणसे खोळंबून बसली. मे २०१२ मध्ये डायब्लो ३ च्या पहिल्या रात्री ‘एरर ३७’, म्हणजे सर्व्हर व्यग्र आहेत, एवढेच शब्द लोकांनी पाहिले, त्यांतले कितीतरी जण एकट्यानेच खेळणार होते. मार्च २०१३ मध्ये शहर वसवण्याच्या सिमसिटी या गेमच्या बाबतीत हेच घडले. शहराची बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून जोडणी अत्यावश्यक आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. पण लोकांनी केबल काढून पाहिली तेव्हा शहर पुढे कितीतरी मिनिटे चालतच राहिले, आणि साधारण वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, त्याच गेमला अधिकृत ऑफलाइन मोड मिळाला.

डायब्लो ३ चे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. पीसीवर त्याला जोडणी लागायची आणि खेळाडूंमधील लिलावघराची अर्थव्यवस्था निर्भेळ राहावी हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जात होते. पण २०१३ मध्ये तोच गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा तो ऑफलाइन खेळता येत होता, कारण त्या आवृत्त्यांत लिलावघर नव्हते. लिलावघर पुढे मार्च २०१४ मध्ये पीसीवरही बंद झाले. जोडणीची अट मात्र तशीच राहिली. एखाद्या सोयीसाठी घातलेली अट ती सोय गेल्यावरही आपोआप जात नाही, हे मी कामातही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. कोड काढून टाकण्यासाठी कोणालातरी वेळ द्यावा लागतो, आणि तयार झालेल्या, विकून झालेल्या गेमसाठी वेळ देणारे फार थोडे असतात.

गेम बनवणाऱ्यांची बाजूही इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पायरसीची भीती खरी आहे, विशेषतः गेम बाजारात आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, कारण विक्रीचा मोठा हिस्सा तेव्हाच होतो. एका उपकरणावर सुरू केलेला खेळ दुसऱ्यावर पुढे नेण्याची सोय लोकांना मनापासून हवी असते आणि ती सर्व्हरशिवाय होत नाही. एकाच कंपनीचे अनेक गेम एकाच लॉगिन-सेवेवर बांधले की कष्ट वाचतात, आणि त्यांतले निम्मे गेम मल्टिप्लेयर असतील तर सर्वांना तेच नियम लागू होतात. सिंगल-प्लेयर गेमवर बसणाऱ्या जाचक अटींपैकी बऱ्याचशा अशाच, वाईट हेतूविना, वारशाने आलेल्या असतात. आणि खेळातले चलन खऱ्या पैशांनी विकायचे ठरले की सेव्ह फाइल खेळाडूच्या हातात ठेवायला हिशेब बघणारे लोक तयार होत नाहीत. ग्रॅन टुरिस्मो ७ या मोटार-शर्यतींच्या गेमचा बहुतेक भाग एकट्याने खेळायचा आहे, पण मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर त्याचे सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले तेव्हा तो जवळपास सगळा भाग खेळता येईना, कारण गाड्या आणि चलन यांचा हिशेब सर्व्हरवर होता. यांतली पहिली कारणे मला पटतात, शेवटचे पटत नाही. पण पटणारी कारणेसुद्धा एवढेच सांगतात की सर्व्हरला विचारावे. सर्व्हर गप्प राहिला तर खेळ थांबवावा, हे त्यांतले एकही कारण सिद्ध करत नाही.

चार दिवसांची गैरसोय चार दिवसांत संपते. याच रचनेमुळे पुढे जे होते ते अधिक गंभीर आहे, कारण कधीतरी सर्व्हर कायमचा गप्प होतो. फॉलआउट ३ ची पीसी आवृत्ती २००८ मध्ये आली तेव्हा ती गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लायंटशी, म्हणजे ऑनलाइन सेवेशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमशी, बांधलेली होती आणि डीएलसी त्याच वाटेने उतरवावी लागे. त्या सेवेचे दुकान ऑगस्ट २०१३ मध्ये बंद झाले, क्लायंट हळूहळू निकामी झाला, आणि स्टीमवरील फॉलआउट ३ मधून ही अट अधिकृतपणे निघायला ऑक्टोबर २०२१ उजाडले. मधल्या काळात लोक डीएलसीच्या फाइली हाताने उचलून गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवत आणि गेम निमूटपणे त्या ओळखत असे, यावरून तो क्लायंट खेळासाठी किती आवश्यक होता हे कळते. ट्रॉन: इव्होल्यूशन या गेमच्या बाबतीत २०१९ मध्ये त्यातील बेकायदा नक्कल रोखणाऱ्या कुलूप-यंत्रणेचा करार संपला आणि नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना गेम सक्रियच करता येईना. २०२२ मध्ये युबीसॉफ्टने आपल्या काही जुन्या गेमच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या, तेव्हा त्यांतील काहींच्या पीसीवरील डीएलसी यापुढे इन्स्टॉल करता येणार नाहीत असे जाहीर करावे लागले. त्या डीएलसीत एकट्याने खेळायच्या कथा होत्या.

द क्रू या गेमने हा प्रश्न सर्वांसमोर आणला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेला हा मोटार-शर्यतींचा गेम बराचसा एकट्याने खेळता येत होता, पण सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि त्यानंतर अनेकांच्या खात्यातून परवानाही काढून घेण्यात आला. त्यातून एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ बनवणाऱ्या रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली, आणि युरोपीय संघातील त्याच विषयावरच्या नागरिक-पुढाकाराने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. या मागणीविषयी एक गैरसमज सतत पसरवला जातो की कंपन्यांनी सर्व्हर अनंतकाळ चालू ठेवावेत असे लोकांचे म्हणणे आहे. मागणी तशी नाही. सेवा बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जावे, एवढीच ती आहे, आणि आधीपासून तशी रचना केली असेल तर ते फार जड काम नाही. ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टचे सर्व्हर जानेवारी २०२४ अखेर बंद झाले, पण त्याआधीच्या शेवटच्या अपडेटने त्याचा एकट्याने खेळायचा बहुतेक भाग ऑफलाइन चालेल असा करून ठेवला होता. करायचे ठरवले तर होते.

कायद्याच्या बाजूने एक छोटी सुधारणा झाली आहे. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये संमत झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा सांगतो की ग्राहकाला मिळणारी गोष्ट ही मालकी नसून परवाना असेल, तर ‘खरेदी’ हा शब्द वापरताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन ऑफलाइन वापरता येते तिला या अटीतून सूट आहे. स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. यामुळे गेम ऑफलाइन चालू लागत नाही, परंतु कायद्याने फरक नेमका योग्य जागी ओळखला आहे असे मला वाटते. त्याआधी ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही ज्या गेमचे पडताळणीचे सर्व्हर कायमचे बंद झाले आहेत, तो गेम स्वतःच्या संगणकावर खेळता यावा म्हणून त्यातील कुलूप काढण्याला तिथल्या कॉपीराइट कायद्यातून सूट दिली होती. सर्व्हर चालू असलेल्या गेमसाठी ती सूट नाही, आणि इतर देशांत कायदा वेगळा असू शकतो. क्रॅक, म्हणजे गेमचे कुलूप तोडणारी फाइल, वापरू का, असे मला पुष्कळ जण विचारतात. माझे उत्तर नाही असे आहे, कारण जिथून ते मिळते तिथून मालवेअरही येते, आणि तुमची तक्रार रास्त असताना ती कमकुवत करण्यात काही अर्थ नाही.

आता तुम्ही स्वतः काय करू शकता ते सांगते. स्टीमचा ऑफलाइन मोड आधी तयारी केली असेल तरच विश्वासाने चालतो: लॉगिन करताना खाते लक्षात ठेवण्याचा पर्याय निवडलेला असावा, गेमचे अपडेट पूर्ण उतरलेले असावे, ऑनलाइन असताना गेम निदान एकदा सुरू करून त्यात थोडे आत जाऊन आलेले असावे, आणि त्यानंतर ऑफलाइन मोड निवडावा. प्रवासाला जाण्यापूर्वी लोक यांतली तिसरी पायरी गाळतात आणि नेमके तिथेच अडकतात, कारण अनेक गेम आपला परवाना आणि डीएलसीची यादी पहिल्यांदा सुरू होतानाच डिस्कवर लिहून ठेवतात. प्रकाशकाचा दुसरा लाँचर मध्ये असेल तर त्याचाही ऑफलाइन मोड स्वतंत्रपणे तपासायला हवा.

याहून महत्त्वाची सवय अशी की नवा गेम घेतल्यावर परतावा मिळण्याच्या मुदतीतच त्याची परीक्षा घ्यावी. पहिल्या तासातच एक सेव्ह करा, ऑफलाइन मोडमध्ये जा, नेटची केबल काढा किंवा वायफाय बंद करा, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि मग तो सेव्ह उघडून पाहा. लाँचर उघडला म्हणून समाधान मानू नका. सेव्ह उघडला पाहिजे, आणि डीएलसी असेल तर तिच्यातल्या प्रदेशात पाऊल ठेवता आले पाहिजे. हे जमले नाही तर दोन तास पूर्ण होण्यापूर्वी गेम परत करा आणि कारण म्हणून ‘ऑफलाइन चालत नाही’ असे स्वच्छ लिहा. डीएलसी वेगळी घेतली असेल तर स्टीमवर तिच्यासाठीही १४ दिवसांची मुदत आहे, मात्र ती घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. परताव्याची कारणे वाचली जातात. आमच्याकडे दर आठवड्याच्या बैठकीत ती पडद्यावर लावली जात, आणि एकच कारण तीन आठवडे वर राहिले की कोणालातरी त्यावर काम द्यावेच लागे. रागाने लिहिलेल्या लांब मजकुरापेक्षा त्या एका ओळीचा परिणाम अधिक होतो.

विकत घेतानाच निवड करता येत असेल तर जिओजी या ऑनलाइन गेम-दुकानाकडे पाहा. तिथे गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, डीएलसीचे इन्स्टॉलर वेगळे मिळतात, आणि नवे अपडेट आले की नवा इन्स्टॉलर पुन्हा उतरवून ठेवायची काळजी तेवढी घ्यावी लागते. तिथेही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१६ चा हिटमॅन सप्टेंबर २०२१ मध्ये जिओजीवर आला तेव्हा त्यातील बरीचशी प्रगती आणि बक्षिसे ऑनलाइन जोडणीशीच बांधलेली होती; ग्राहकांनी इतक्या ठामपणे आक्षेप घेतला की काही आठवड्यांतच तो तिथून काढून टाकावा लागला. स्टीमवरही कुलूप लावणे प्रकाशकाला ऐच्छिक आहे, आणि क्लायंट बंद असताना थेट फोल्डरमधून सुरू होणारे पुष्कळ गेम तिथे मिळतात. दुकान कोणते यापेक्षा तो विशिष्ट गेम कसा बांधला आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे.

सहायता विभागाला लिहिणार असाल तर ‘ऑनलाइनची सक्ती काढा’ एवढेच लिहू नका, कारण त्यावर तयार उत्तर ठरलेले असते. असे विचारा की परवान्याच्या चिठ्ठीची ऑफलाइन मुदत किती दिवसांची आहे, सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर डीएलसीची शेवटची ज्ञात मालकी का वापरली जात नाही, आणि सेवा बंद होईल तेव्हा या गेमसाठी काय योजना आहे. या प्रश्नांची उत्तरे पहिल्या पातळीवरच्या कर्मचाऱ्याकडे नसतात, म्हणून ते पुढे पाठवावे लागतात. कधीतरी ते अशा माणसासमोर येतात ज्याने त्या तीन उत्तरांचा दोन खणांत हिशेब लावलेला असतो, आणि त्याला ते समजतात.

राहिला तुमचा सेव्ह. तो बहुधा शाबूत आहे, कारण गेमने तो उघडायला नकार दिला, म्हणजे त्यात बदल केलेला नाही. ‘सामग्रीशिवाय पुढे जा’ असा पर्याय आला तर तो निवडू नका. नेट पुन्हा जोडण्याआधी सेव्हचा फोल्डर शोधून त्याची प्रत वेगळ्या जागी ठेवा. तो बहुतेक वेळा तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असतो, पण काही लाँचर सेव्ह आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणून लाँचर काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी तिथे पाहा. ऑनलाइन गेल्यावर क्लाउडमधला सेव्ह घ्यायचा की डिस्कवरचा असे विचारले गेले, तर नेट बंद पडण्यापूर्वी तुम्ही शेवटचे खेळलात त्या दिवसाची तारीख ज्यावर आहे तो निवडा, जरी दुसरा त्याहून नवा दिसत असला तरी. गेम उघडून डीएलसीतल्या वस्तू जागच्या जागी आहेत याची खात्री होईपर्यंत ती वेगळी ठेवलेली प्रत पुसू नका.